मातृत्वाचा गौरव आणि बालवाडीचे मानधन

दहावी-बारावीचे निकाल लागले की जळगावच्या मेहरूण परिसरातील घराघरांत एकच चर्चा रंगते. मुलाला अभियांत्रिकीला घालायचे की औषधनिर्माणशास्त्राला, मुलीला पुण्याला पाठवायचे की नाशिकला, याचा खल रात्री उशिरापर्यंत चालतो. त्याच घरातली सून नोकरीला जाते आणि तीन वर्षांच्या नातवाला दिवसभर कुणाकडे ठेवायचे, हा प्रश्नही तितकाच निकडीचा असतो. परंतु हे दोन प्रश्न एकमेकांशी जोडून पाहण्याचे कुणाच्या मनात येत नाही. ज्या सेवेची गरज प्रत्येक घराला आहे, ती देणे हेच आपल्या मुलामुलींचे जीवनकार्य होऊ शकते, हा विचार सुशिक्षित कुटुंबात अपवादानेच शिरतो.

याचे मूळ एका समजुतीत आहे. लहान मूल सांभाळणे कुणालाही येते, त्यात शिकण्यासारखे काय, ही ती समजूत. त्यामुळे बालवाडीतील नोकरी म्हणजे मुलीचे लग्न ठरेपर्यंतचा विरंगुळा किंवा घरखर्चाला थोडा हातभार, असेच तिच्याकडे पाहिले जाते. व्यासपीठावरून मातृत्वाची थोरवी गाणारा समाज, तेच काम दुसऱ्याच्या मुलांसाठी करणाऱ्या ताईला मात्र अकुशल समजतो. ही विसंगती दूर झाल्याशिवाय या क्षेत्रातील संधींची चर्चा पोकळ ठरेल.

बदललेले मेहरूण

मेहरूण हे एके काळी तलावाकाठचे, बोरांसाठी ख्यातकीर्त असलेले गाव. बोराच्या एका वाणालाच या गावाचे नाव मिळाले. आज ते जळगाव महानगरात मिसळून गेले आहे. शहराच्या औद्योगिक वसाहतीत चटई, प्लास्टिक पाइप आणि डाळीचे कारखाने उभे राहिले, त्यांच्याबरोबर माणसांची दिनचर्याही बदलली. एका घरात पती-पत्नी दोघेही कार्यालयात जातात. दुसऱ्या घरातील आई डाळ मिलमध्ये रोजंदारीवर जाते. दोघींच्या मिळकतीत महदंतर असले, तरी सकाळी बाहेर पडताना दोघींच्या मनाला लागलेली चिंता एकच असते.

पूर्वी आजी, काकू आणि शेजारीण मिळून मूल वाढवीत. आता मुलगा-सून पुण्यात, नातू तेथील पाळणाघरात आणि आजी-आजोबा जळगावात एकटे, अशी स्थिती अनेक कुटुंबांची झाली आहे. एकत्र कुटुंबाचे गुणगान करून ते परत येणार नाही. त्या कुटुंबाने जे काम विनामूल्य आणि मायेने केले, ते आता जाणत्या, प्रशिक्षित हातांनी करावे लागेल. माया तीच हवी. तिला शास्त्राची जोड हवी.

आईपण ही केवळ स्त्रियांची मिरास नव्हे

ही जोड घालणारी माणसे याच मातीत होऊन गेली. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. वकिली सोडून ते भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात रमले आणि त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, हे नाव मिळाले. १९२३ साली त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे ते कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच वस्तीच्या अंगणात नेऊ, या साध्या निश्चयातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. महागड्या परदेशी साधनांच्या जागी त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड आणले. बालवयातच वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी वनवासी मुलांसाठी बालवाडीबरोबरच कुरणशाळाही चालविली. गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागोमाग शिक्षण कुरणात गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने या कार्याची थोरवी मान्य केली.

खानदेशाला तर दूर पाहण्याचीही गरज नाही. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकविणारे साने गुरुजी वसतिगृहातील मुलांची आईच्या ममतेने शुश्रूषा करीत. मुलांचे संगोपन हे पुरुषार्थाला कमीपणा आणणारे काम आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. आज बालवाडीत पुरुष शिक्षक दिसला तर पालक बिचकतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी योग्य ती पारख अवश्य करावी, पण हे क्षेत्रच मुलग्यांना वर्ज्य मानण्याचे कारण नाही.

वाटा अनेक आहेत

धोरणाच्या पातळीवर या क्षेत्राचे महत्त्व कधीच मान्य झाले आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टपणे आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो, हे नमूद केले. २०२२ साली या टप्प्याचा स्वतंत्र राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही प्रसिद्ध झाला.

यातून करिअरच्या अनेक वाटा निघतात. पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक प्रशिक्षण अभ्यासक्रमात पायाभूत टप्प्याची निवड करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण पदविका घरी राहून पूर्ण करता येते. मानव विकास किंवा समाजकार्य या विषयांतील पदवीनंतर बालविकास प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका, बाल संरक्षण कक्षातील अधिकारी अशा पदांसाठी स्पर्धा करता येते. ऐकण्या-बोलण्यात अडचण असलेल्या किंवा गतिमंद मुलांना लवकर हेरून मदत करणारे विशेष शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ लहान शहरांत फारच थोडे आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण घेतलेल्या तरुणांना येथे मोठे क्षेत्र खुले आहे. कौटुंबिक न्यायालयांतील समुपदेशन, वृद्धांची देखभाल, दत्तकविधानाशी संबंधित काम ही कुटुंबसेवेची आणखी दालने.

पाळणाघर हाही स्वतंत्र उद्योग होऊ शकतो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे, असे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने आले आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते कायम राहिले. औद्योगिक वसाहतीतील काही कारखान्यांनी एकत्र येऊन प्रशिक्षित तरुणींच्या गटाकडे असे पाळणाघर सोपविले, तर कामगार मातांची चिंता मिटेल आणि मेहरूणसारख्या वस्तीत सन्मानाचा रोजगारही उभा राहील.

सेवाभाव आणि पोट

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. बालशिक्षण ही सेवा आहे, तिचे पैशात मोल करू नये, असे म्हटले जाते. हे वाक्य म्हणणाऱ्याचे स्वतःचे घर बहुधा वेतनावर चाललेले असते. अंगणवाडी सेविका पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशी अनेक कामे करते. तरीही तिला मिळते ते ‘मानधन’. २०२३ साली महाराष्ट्रात ते दरमहा ८,३२५ रुपयांवरून १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेविकांना संपावर जावे लागले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांना उपदान कायद्याचा लाभ देताना, त्यांचे मानधन हे कायद्याच्या दृष्टीने वेतनच आहे, असा निर्णय दिला. न्यायालयाला जे उमगले, ते समाजाला उमगायला हवे.

खासगी बालवाड्यांची कथा वेगळी नाही. रंगीत भिंती, आकर्षक गणवेश आणि भरमसाट शुल्क यांत पालकांचे समाधान होते. मुलाला शिकविणाऱ्या ताईचे प्रशिक्षण किती, तिच्या वर्गात मुले किती आणि तिला वेतन किती मिळते, हे तीन प्रश्न प्रवेशाच्या वेळी किती पालक विचारतात? ते विचारले जाऊ लागले, तर संस्थाचालकांना उत्तरे तयार ठेवावी लागतील. सेवाभावी संस्था आणि महिला मंडळे ज्या बालवाड्या चालवितात, त्यांनी तर याबाबत वस्तुपाठ घालून द्यावा. देणगीतून इमारत बांधण्याचा उत्साह आपल्याकडे भरपूर आहे. त्याच देणगीचा एक वाटा शिक्षिकेच्या वेतनासाठी आणि प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याची पद्धत पडली पाहिजे.

सेवाभाव पोटाला चिमटा घेऊन काही वर्षे टिकतो, पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. हुशार मुलामुलींनी या क्षेत्रात यावे, अशी अपेक्षा असेल, तर त्यांच्यापुढे केवळ त्यागाचा आदर्श ठेवून भागणार नाही. आदर्शाबरोबर शिक्षण, वेतन आणि प्रतिष्ठाही द्यावी लागेल.

बोरीचे झाड अवर्षणातही तग धरते, ते त्याच्या खोल गेलेल्या मुळामुळे. ते मूळ रोप लहान असतानाच जमिनीत उतरते, हे मेहरूणच्या जुन्या बागायतदारांना सांगावे लागत नसे. राष्ट्राच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने यंदाच्या निकालानंतर घरातील मुलामुलींपुढे इतर पर्यायांबरोबर हाही पर्याय ठेवावा. आणि तो ठेवताना, आपल्या नातवाच्या ताईला आपण काय देतो, याचा हिशेबही एकदा मांडावा.