नाव टिकते, हात पांगतात

१० मार्च २०२१ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस करंज’ दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख ॲडमिरल व्ही. एस. शेखावत. १९६९मध्ये रिगा बंदरात जी पहिली ‘करंज’ आपल्या ताब्यात आली, तिचे १९७१च्या युद्धातले कप्तान तेच. ती २००३मध्ये निवृत्त झाली. नाव नौदलाने जपले आणि २०१८च्या जानेवारीत माझगाव डॉकमध्ये जलावतरण झालेल्या नव्या पाणबुडीला दिले. हा नुसता सोहळा नव्हे. युद्धात कमावलेली पत खलाशांच्या पुढच्या पिढीकडे अशीच जाते.

पण नाव पंधरा वर्षे कागदावर राहू शकते, कसबी हात राहत नाहीत. याच माझगाव डॉकने जर्मन आराखड्याच्या ‘शल्की’ (१९९२) आणि ‘शंकुल’ (१९९४) बांधल्या. दलालीच्या आरोपांत ते काम दोनवरच थांबले आणि मुंबईत बांधलेली पुढची पाणबुडी, ‘कलवरी’, दाखल व्हायला २०१७चा डिसेंबर उजाडला. समुद्राचा दाब झेलणाऱ्या कवचाचे वेल्डिंग पुस्तकातून येत नाही. तेवीस वर्षांत ते शिकलेली माणसे पांगली. भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमालकाला हे समजावून सांगायला नको. जॉबवर्क आटले की सगळ्यात आधी जातो तो चांगला ऑपरेटर.

कारखाने चालावेत म्हणून पाणबुड्या मागवायच्या का, असा आक्षेप येईल. रास्त आहे. कोबेतल्या दोन गोद्यांना आलटूनपालटून काम देत जपान वर्षाला साधारण एक पाणबुडी घेतो; आपल्याला ते परवडणार नाही. मात्र वेग कमी ठेवणे वेगळे आणि ओळच तोडणे वेगळे. तुटलेली ओळ पुन्हा जोडताना शिकवणीचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात, तेही परदेशी. इथे कुवत नाही, हा दुसरा आक्षेप तर टिकतच नाही. ‘करंज’ दाखल होण्याच्या दोनच दिवस आधी, ८ मार्चला, पाणबुडीला अधिक काळ पाण्याखाली राहू देणाऱ्या एआयपी यंत्रणेची जमिनीवरची महत्त्वाची चाचणी डीआरडीओने पार पाडली. त्यात एल अँड टीच्या जोडीला आपल्या चिंचवडची थरमॅक्स होती.

‘कलवरी’च्या मालिकेतली सहावी पाणबुडी, ‘वागशीर’, १५ जानेवारी २०२५ला दाखल झाली. पुढचा करार कोणत्याही देशाशी होवो, कोणते भाग, किती आणि कोणत्या वर्षी इथून घेणार हे त्यातच लिहिलेले हवे. त्याशिवाय भोसरीतला लहान उद्योजक नवे मशीन घेणार नाही, आणि बँकही त्याला कर्ज देणार नाही.