पाळलेल्या कुत्र्याचे देणे

आमच्या इचोड्यात अलीकडे एक नवा शौक रुजला आहे. आदिलाबाद-निर्मल रस्त्याच्या बाजूने संध्याकाळी जरा पाय मोकळे करावयास निघाले, की कुठल्या ना कुठल्या ओसरीवर पांढऱ्याशुभ्र केसांचे एखादे लहानसे कुत्रे खांबाला बांधलेले दिसते. कोणी ते नागपुराहून आणलेले असते, कोणी हैदराबादेहून. पहिला महिनाभर घरात नुसता उत्सव असतो. नाव ठेवण्यावरून भावंडांत भांडणे होतात, वर्गात त्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, निबंधाच्या वहीत 'माझा आवडता प्राणी' एकाएकी जिवंत होऊन येतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मात्र दोरी येते, आणि एकदा आलेली दोरी सहसा सुटत नाही.

या घरांतून कुत्र्याचे हाल होतात असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. उलट त्याच्यावर माया फार आहे. आमचे म्हणणे इतकेच, की ही सारी माया त्याच्या तोंडाकडे जाते आणि पायांच्या वाट्याला काहीच येत नाही. खायला घालणे म्हणजेच पाळणे, अशी आपली समजूत झाली आहे आणि तिचे फळ त्या मुक्या जीवाला भोगावे लागते.

हे कुत्रे आपल्याकडे 'पॉमेरेनियन' म्हणून विकले जाते. खरे पाहता ते बहुधा 'इंडियन स्पिट्झ' या जातीचे असते. 1994 साली 'हम आपके हैं कौन' हा चित्रपट गाजला, त्यातील टफी हा त्याच कुळातला. पुढे 2003 च्या सुमारास एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या पाठीमागे धावणारे चपट्या नाकाचे पग जातीचे कुत्रे घराघरांत पोहोचले आणि लोकांस ते हवेसे झाले. चित्रपट आणि जाहिरात पाहून जीव विकत घेण्याची रीत आम्हांस पसंत नाही, पण तो वाद येथे नको. आलेला पाहुणा आता घरात आहे. त्याचे देणे काय, एवढाच प्रश्न उरतो.

आम्ही मूळचे समुद्रकाठचे, घरची बोली कोंकणी. आमच्याकडे कुत्र्याला 'सुणें' म्हणतात. तेथल्या सुण्याला कोणी कधी फिरावयास नेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उरलेली पेज आणि माशाचे तुकडे खाऊन ते दिवसभर माडाच्या बागांतून, बंदरावरून हिंडत असे. इकडेही तेच. कापसाच्या शेतावर धन्याबरोबर जाणारे, जागलीला रात्रभर मचाणाभोवती फिरणारे, गुरांमागे माळावर धावणारे कुत्रे आपला व्यायाम आपणच पुरा करते. त्याला भाकरी मिळाली की झाले. भाकरीवर कुत्रा पोसला जातो ही जुनी समजूत त्या कुत्र्याच्या बाबतीत खरी होती, कारण तो मोकळा होता. आपण भाकरी कायम ठेवली, तिच्यावर बिस्किटे वाढविली आणि मोकळेपण तेवढे काढून घेतले.

पुष्कळांस ठाऊक नसेल, पण हा विचार आपल्या देशाच्या कायद्यातही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली संमत झाला. त्यासाठी राज्यसभेत प्रथम झटल्या त्या प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. या कायद्याच्या अकराव्या कलमात मारहाण, उपासमार वगैरे अपराध आहेतच. पण सदैव साखळीने बांधलेल्या अथवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास त्याच्या मालकाने वाजवी व्यायाम न देणे, हाही त्यात अपराध मानला आहे. साखळी अवाजवी आखूड वा जड असणे हाही अपराधच. दंडाची रक्कम अगदीच किरकोळ ठेवलेली असल्यामुळे या कलमाचे भय कोणास वाटणार नाही, हे खरे. परंतु मुक्या प्राण्याला फिरवून आणणे ही लहर नसून कर्तव्य आहे, असे लोकसभेने आणि राज्यसभेने मिळून ठरविले, ही गोष्ट आम्हांस थोडी वाटत नाही.

आता वाजवी व्यायाम म्हणजे किती? पाच-सहा किलो वजनाच्या निरोगी कुत्र्याला सकाळी वीस-पंचवीस मिनिटे आणि संध्याकाळी तितकीच, एवढे चालणे पुरते. पिल्लाला आणि म्हाताऱ्या कुत्र्याला याहून थोडे थोडे, पण अधिक वेळा. अंगण मोठे आहे, तेथेच ते खेळते, असे काही पालक सांगतात. अंगण हे चालण्याला पर्याय नव्हे. माणूस गाव डोळ्यांनी पाहतो, कुत्रा नाकाने पाहतो; रोज तेच अंगण हुंगून त्याचे मन भरत नाही. म्हणून त्याला वाटेत थांबू द्यावे, झुडपापाशी, खांबापाशी हुंगू द्यावे. ओढीत ओढीत नेऊन फेरी उरकणे म्हणजे फिरविणे नव्हे. लहान जातीच्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. तेव्हा दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला बांधावी. विद्यार्थ्याची लक्षणे सांगताना आपण श्वाननिद्रेचा गौरव करतो. बांधलेले कुत्रे दिवसभर पेंगते आणि रात्रभर भुंकते. त्याच्यापासून कोणत्या विद्यार्थ्याने कोणता धडा घ्यावा?

आमच्या जिल्ह्याची हवा मात्र या कामी विचारात घेतलीच पाहिजे. हिवाळ्यात येथे पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास जातो. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो पंजांच्या तळव्यांखेरीज जवळजवळ येतच नाही. त्याचा सारा भार धापा टाकण्यावर, म्हणजे तोंडावाटे वाफ घालविण्यावर असतो. ज्याचे पाय वीतभर त्याचे पोट रस्त्याला लागूनच चालते, आणि डांबर तर हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापाही नीट टाकता येत नाहीत. असे कुत्रे या मुलखात आणूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात सकाळी सूर्य वर येण्याच्या आत आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावरच बाहेर पडावे. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसवला नाही तर त्यालाही सोसवणार नाही. धाप थांबेनाशी झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटू लागली, तर सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब गुरांच्या दवाखान्यात न्यावे. उकडते म्हणून त्याचे केस कातडीपर्यंत भादरणारे लोक आहेत. ते केस त्याचे उन्हापासूनही रक्षण करतात, हे त्यांस कोणी सांगत नाही.

आता आहार. येथे वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल घ्यावी अशी आमची विनंती आहे. प्राण्याची ऊर्जेची गरज त्याच्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, वजनाच्या 3/4 घाताच्या प्रमाणात वाढते, असे मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने 1932 साली दाखविले. पशुवैद्य अजूनही त्याच आधारावर हिशेब करतात. वजनाचा घन करावा, त्याचे दोनदा वर्गमूळ काढावे आणि 70 ने गुणावे. पाच किलोच्या कुत्र्यासाठी 5 चा घन 125. त्याचे वर्गमूळ सुमारे 11.18, त्याचे पुन्हा वर्गमूळ 3.34; गुणाकार सुमारे 234. इतके उष्मांक त्याला नुसते स्वस्थ पडून राहण्यास लागतात. हिंडण्याफिरण्यासह दिवसाला साधारण 330 ते 375 पुरे होतात. दहा किलोच्या कुत्र्याचा आकडा 234 च्या दुप्पट येत नाही, 394 च्या जवळ येतो, करून पाहावे.

साध्या ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस उष्मांक असतात. आपल्याला ते एक बिस्किट. पाच किलोच्या कुत्र्याला ते आपल्या एका भाकरीएवढे. पाच माणसांच्या घरात सकाळच्या चहाला प्रत्येकाने त्याला एकेक दिले आणि संध्याकाळच्या चहाला पुन्हा एकेक, तर दोनशे-अडीचशे उष्मांक झाले, म्हणजे दिवसाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग. प्रत्येकजण म्हणतो, मी तर एकच दिले! मग त्याने जेवणाकडे पाठ फिरविली की आई काळजीत पडते, भातावर तूप वाढते, आणि ते तूप मात्र कुत्रे चाटूनपुसून खाते. वर्षभरात त्याच्या फासळ्या चरबीखाली नाहीशा होतात. हलक्या हाताने चाचपले असता फासळ्या बोटांस लागल्या पाहिजेत आणि वरून पाहता कमर दिसली पाहिजे, ही घरच्या घरी करावयाची परीक्षा आहे. वरखाऊ दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये.

भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ते कुत्रे रस्त्यावरचे होते, भुकेले होते, आणि पळतही होते. ओसरीवर बांधलेल्याला त्या तुपाचे प्रयोजन नाही. भाकरीचे मात्र वावडे नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली दाखवून दिले, की लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पिष्ट पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ अधिक आहेत. माणसाच्या दाराशी राहून तो माणसाचे धान्य पचवावयास शिकला. तेव्हा ज्वारीची एक मध्यम भाकरी, एक उकडलेले अंडे, हाडे काढून शिजविलेले थोडे कोंबडीचे मांस, चमचा-दोन चमचे दही, शिजविलेला लाल भोपळा, इतक्यात पाच किलोच्या कुत्र्याचा दिवस निभावतो. हे दोन वेळांत वाटून द्यावे. पिल्लाला तीन-चार वेळांत. मीठ-मसाला नको. शाकाहारी घरांतून अंडे चालत नसेल तर दही, पनीर, डाळ यांवर भर द्यावा. घरच्या अन्नात कॅल्शियम कमी पडते, विशेषतः वाढत्या पिल्लाला. ते किती व कसे द्यावे हे पशुवैद्यास विचारावे. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे ही कुत्र्याला विषासमान आहेत, हे घरातील लहानग्यांसही पाठ असावे. रविवारच्या रश्शातला उरलेला तुकडा देऊ नये, तो याच कांद्या-लसणामुळे. शिजविलेल्या हाडांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. त्या आतड्याला इजा करतात. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात. मग बिचाऱ्याला घाणेरडे म्हणून आणखी आखूड बांधतात.

येथे एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो. ज्या तालुक्यात कित्येक मुलांना रोज अंडे मिळत नाही, तेथे कुत्र्याच्या अंड्याची आणि त्याच्या फिरण्याची चर्चा शोभते काय? आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळीत नाही. पण त्याचे उत्तर, कुत्रे पाळू नये, हे असू शकते. पाळून अर्धवट पाळावे, हे नव्हे. शिवाय फिरविण्याला पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो नेमका कोणाचा, हे कुत्रे आणण्यापूर्वी ठरत नाही, ही खरी अडचण आहे. हट्ट मुलाचा असतो, अन्न आई शिजविते, पाणी बहीण ठेवते, आणि 'कुत्रे कोणाचे?' म्हणून विचारले तर छाती पुढे काढून मुलगा उभा राहतो! दहावीचे वर्ष आले की तोही सुटतो. मार्चमधील परीक्षेसाठी डिसेंबरापासून कुत्र्याचे फिरणे बंद, अशी घरे आम्हांस माहीत आहेत. पहाटे अभ्यासाला उठणाऱ्याने पुस्तक उघडण्यापूर्वी वीस मिनिटे त्याच्याबरोबर चालून यावे. आम्ही आमच्या दहावीच्या मुलांना हे सांगत आलो आहोत, आणि पालकांची नाराजीही ओढवून घेतली आहे.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे दरवर्षी टोचून घ्यावी, पावसाळ्यात कानांमागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत, हे सांगण्याची गरज पडू नये. रस्त्यावरची कुत्री अंगावर येतात म्हणून फिरविणे सोडणाऱ्यांनी वेळ बदलावी, वाट बदलावी. हातात काठी असू द्यावी, ती मारण्यासाठी नव्हे, मध्ये धरण्यासाठी.

राहता राहिली उन्हाळ्याची सुटी. लग्नसराईत घरेच्या घरे चार-चार दिवस गावाला जातात आणि कुत्रे ओसरीवर राहते. शेजाऱ्याला नुसते 'लक्ष ठेवा' म्हणून जाऊ नये. अन्नाचे माप, फिरविण्याच्या दोन वेळा आणि दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून द्यावा. पाच किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला पाव लिटरभर पाणी लागते, मे महिन्यात त्याहून पुष्कळ अधिक. भांडे स्टीलचे नको, ते उन्हात तापते. कुंभाराकडची पसरट, जड बुडाची परळ घ्यावी, तिच्यातले पाणी गार राहते आणि दोरीचा फटका लागून ती उलथतही नाही.