मताची पारख

तूर किंवा हरभरा घेताना कोणीही व्यापारी पोत्यावरील छाप पाहून समाधान मानीत नाही. पोत्यात सळई घालून तो मूठभर दाणे काढतो, ओल, माती, किडका दाणा पाहतो आणि मग भाव बोलतो. तोच मनुष्य मतदानाच्या दिवशी मात्र केवळ छापावर व्यवहार करतो, हे आम्हांस फार दिवसांपासून खटकत आले आहे.

मत कोणास व कां दिले, असे पेढीवर येणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांस विचारावे. कोणी म्हणतो, आमचे घर वडिलांपासून त्याच पक्षाचे. कोणी म्हणतो, साहेब मुलीच्या लग्नास येऊन गेले. कोणास उमेदवार आपल्या जातीचा वा भाषेचा असला की पुरते. तर कोणी मत वाया जाऊ नये म्हणून, निवडून येईलसा वाटेल त्याच्याच पारड्यात ते टाकतो. पंचकल्याणक पूजेस येऊन सत्कार घेऊन गेलेला उमेदवार आपल्या समाजातही लगेच ‘आपला’ ठरतो. ह्यांपैकी एकाही कारणाचा राज्यकारभाराशी संबंध नाही.

संकेश्वर आज ज्यात मोडते, त्या चिकोडी लोकसभा मतदारसंघाचाच इतिहास पाहावा. १९६७ ते १९९१ पर्यंत काँग्रेसचे बी. शंकरानंद येथून सलग ७ वेळा निवडून आले. त्या काळात पक्षाचे चिन्ह बैलजोडीवरून गाय-वासरू व पुढे हात असे बदलले, तरी निष्ठा ढळली नाही. पुढे रमेश जिगजिणगी १९९८ साली लोकशक्ती, १९९९ साली जनता दल (संयुक्त) आणि २००४ साली भारतीय जनता पक्ष अशा ३ पक्षांतर्फे लागोपाठ विजयी झाले. आधी पक्ष धरून ठेवला, नंतर व्यक्ती. ह्या प्रतिनिधींच्या अंगी गुण नव्हते, असे आमचे म्हणणे नाही. मतदाराने धोरण पारखले काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या पोटाशी निगडित आहे. २०२० साली कर्नाटकातील बाजार समितीचा कायदा बदलून आवाराबाहेरील व्यापारास मोकळीक मिळाली. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील धान्यावर ५ टक्के जी.एस.टी. लागू झाला. अडत्या, हमाल, किराणा दुकानदार, सर्वांनाच ह्याची झळ वा लाभ पोहोचणार होता. तथापि २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत ह्याविषयी एखाद्या उमेदवारास कोणी जाब विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मग ओळखीस वा घराण्यास काहीच किंमत नाही काय? अवश्य आहे. उधारी देताना आम्हीही घराणे पाहतो. परंतु घराणे चांगले म्हणून माल तपासणे सोडीत नाही.

यास्तव आमची एक सूचना आहे. पुढील निवडणुकीपूर्वी संघाने सर्व पक्षांच्या उमेदवारांस एकाच व्यासपीठावर बोलवावे, बाजार, कर व रस्ते ह्यांविषयी सर्वांस तेच ३ प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे वहीत लिहून त्यांवर सही घ्यावी. पाच वर्षांनी तीच वही सर्वांसमक्ष उघडावी. मग ज्यास ज्याला मत द्यावयाचे त्याने खुशाल द्यावे; निदान देण्यापूर्वी माल पाहिला, एवढे तरी त्यास म्हणता येईल.