चार दिवस मिलिटरी!

फराळाला आले की आप्पामामांचे वाक्य ठरलेले असते, "हा देश चार दिवस मिलिटरीच्या ताब्यात द्या, सुतासारखा सरळ येतो की नाही पाहा!" एरवी मी हसून चकलीची बशी पुढे करतो. यंदा मात्र चिरंजीवांनीही मान डोलावली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

"मामा, ब्रह्मदेशातले चार दिवस किती लांबले, ठाऊक आहे?"

मंडाले म्हटले की आपल्याला टिळक आणि 'गीतारहस्य' आठवते. पुढचे पान आपण उलटीत नाही. २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. संसद गेली, राज्यघटना गेली. उरले लष्करी अधिकाऱ्यांचे 'क्रांतिकारी मंडळ'. कायदा करणे, तो राबविणे आणि न्याय देणे हे तिन्ही अधिकार मंडळाने एकट्या ने विन यांच्या हाती दिले. जुलैत रंगून विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या संघाची इमारत सुरुंगाने उडविली.

१९८७ साली २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा एकाएकी रद्द झाल्या, तेही मोबदल्याविना. घरोघरच्या डब्यांतली शिल्लक रद्दी झाली. जाब विचारायचा कुठे?

१९८८ मध्ये लोक उठले, ने विन पायउतार झाले. पण लष्कर हटले नाही. १९९० ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने जिंकली, सत्ता मिळाली नाही. २००८ च्या घटनेत तर मेखच मारून ठेवली : संसदेच्या पाव जागा सरसेनापतीने भरायच्या आणि घटनादुरुस्तीला पाऊण सभागृहाहून अधिक मते हवीत! म्हणजे त्यांच्या मर्जीवाचून घटनेतला स्वल्पविरामही हलायचा नाही. एवढे करूनही १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता पुन्हा उघडपणे बळकावली.

मामा गप्प झाले. चिरंजीव मात्र माझेच! "पण बाबा, कॉलेजातल्या मोर्चांना आणि घोषणांना तुम्हीच कंटाळता ना?"

"कंटाळतो रे," मी म्हणालो. "पण दुसऱ्या दिवशी कॉलेजात जावे, तर मुले वर्गात असतात आणि इमारत जागेवर असते."

मामांनी निमूटपणे दुसरी चकली उचलली.