खेळाच्या तासाला कोण येते?

परवा दवाखान्यात एक आई नववीतल्या मुलाला घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, याचं सारखं डोकं दुखतं, जिना चढला की दम लागतो. चांगलं टॉनिक लिहून द्या." तपासले. छाती साफ, रक्त ठीक, डोळ्यांना नंबर नाही. वजन मात्र वयाच्या मानाने बरेच जास्त. मी विचारले, "काय रे, शाळेत खेळाचा तास असतो ना?" "वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणिताचे सर येतात."

वेळ आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री खेळावर चालते. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजार रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. ती आधीच तुटपुंजी. त्यातूनही निवडक संघाचे गणवेश घेतले, तर बाकीच्या मुलांच्या हाती काय?

आपल्या भागाला खेळाडूंचा अभिमान आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर, आणि कांस्यपदक घेऊन आले. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला रौप्यपदक मिळवले. घरी पानटपरी होती. यांचे सत्कार व्हावेतच. पण डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती पदक न मिळवणाऱ्या मुलांची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनत सांगते. हाडे, झोप, वजन, अभ्यासातले लक्ष, सगळ्याला त्याचा उपयोग होतो.

कुणी म्हणेल, शाळेत शिक्षक अपुरे, छप्पर गळते, तिथे मैदान कसले? बरोबर आहे. शिक्षक, पाणी, स्वच्छतागृह आधीच हवे. पण त्यानंतरचा रुपया कमानीवर नको, मैदानावर हवा. शिवाय लंगडी, खो-खो, कबड्डी, सूर्यनमस्कार यांना खर्च तो किती? लागतो फक्त तास, तोच आपण काढून घेतो. मुलींना खेळवताना मात्र हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असलेली मुलगी लवकर दमते आणि आपण तिला आळशी ठरवतो.

पालकहो, शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. अनुदान कुठे खर्च होते हे पाहणे तिचे कामच आहे. पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा : खेळाच्या तासाला कोण येते? आणि क्रीडासाहित्याचे पैसे कशावर गेले?

त्या बाईंना मी टॉनिक दिले नाही. चिठ्ठीवर लिहिले, "रोज संध्याकाळी एक तास खेळ." त्या म्हणाल्या, "अहो, पण त्या वेळेला शिकवणी असते!"