पडद्यापलीकडचा समुपदेशक

मनाच्या दुखण्याची वाच्यता करू नये, अशी आपल्या घरांतील जुनी शिकवण आहे. ताप आला तर मुलगा आईला सांगतो. परंतु रात्री झोप येत नाही, परीक्षेचे नाव काढताच हातपाय गार पडतात, कोणाशी बोलूच नये असे वाटते, हे तो सांगत नाही. सांगितलेच, तर ‘अभ्यास नको म्हणून ही सोंगे’ असे उत्तर मिळण्याचा संभव बराच असतो. अशा मुलाला आता घरबसल्या, मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून, जाणकार समुपदेशकाशी बोलता येते. या सोयीकडे पुष्कळ सुविद्य मंडळीही संशयाने पाहतात. जो समोर बसलेला नाही, ज्याचा हात आपल्या पाठीवरून फिरू शकत नाही, तो धीर तो काय देणार, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर ते समजतात तितके नकारार्थी नाही, असे माझे मत आहे.

दुरून मनावर उपचार करणे ही काही आजची टूम नव्हे. व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली घोड्याला भिणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलावरील उपचार बहुतांशी त्याच्या वडिलांकरवी झाले. वडिलांनी कळवावे आणि डॉक्टरांनी मार्ग दाखवावा, असा तो क्रम होता. पुढे १९५३ साली लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने जीवनाला विटलेल्या माणसांसाठी दूरध्वनीची सोय केली आणि त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. तेथे तर चेहराही दिसत नसे. होता तो केवळ ऐकणारा कान.

समुपदेशकांपैकी जे सजगतेच्या मार्गाने जातात, त्यांची रीत या संदर्भात विशेष पाहण्यासारखी आहे. ही कल्पना बौद्ध परंपरेतील. पालीत तिला ‘सति’ म्हणतात, म्हणजे आपली ‘स्मृति’च. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन काबाट-झिन या जीवशास्त्रज्ञाने तिच्या आधारे काही आठवड्यांचा एक अभ्यासक्रम सुरू केला. जुनाट वेदनांनी गांजलेले रोगी तेथे येत. वेदना नाहीशी करण्याचे आश्वासन त्यांना दिले जात नसे. तिच्याकडे न घाबरता पाहावयास शिकविले जाई. समर्थांनी २०५ श्लोकांतून मनाला उपदेश केला. या पद्धतीत मनाला उपदेश नाही आणि दटावणीही नाही. मनात काय चालले आहे ते बरे-वाईट न ठरविता न्याहाळणे, एवढेच काम. ऐकताना सोपे वाटते. दोन मिनिटे करून पाहावे, म्हणजे कळेल.

असा समुपदेशक पडद्यावर आला म्हणजे लगेच दुःखाची चौकशी आरंभीत नाही. तू कोठे बसला आहेस, दार लोटलेले आहे काय, मध्येच संपर्क तुटला तर कोणत्या क्रमांकावर बोलावयाचे, हे तो प्रथम ठरवून घेतो. पडद्यावर दिसणारे स्वतःचेच चित्र झाकून ठेवावयास सांगतो. कारण आपलाच चेहरा समोर असला म्हणजे माणूस बोलण्याऐवजी दिसण्याची काळजी करू लागतो. मग पाय जमिनीला टेकले आहेत याकडे, येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष द्यावयाचे. डोळे मिटण्याची भीती वाटत असेल तर उघडे राहू द्यावेत. यंत्रामुळे शब्द क्षणभर उशिरा पोहोचतो, म्हणून तो उत्तराची घाई करीत नाही. हातांची चुळबुळ त्याला दिसत नाही. म्हणून ‘आता छातीत काय वाटते? पोटात?’ असे तो विचारतो, आणि आपल्या शरीराची वार्ता मुलाला स्वतःच शोधून सांगावी लागते. पडद्याची उणीव येथे थोडीशी उपयोगी पडते, असे मला वाटते. चिंता व खिन्नता यांवरील अशा संभाषणाचे परिणाम समोरासमोरच्या भेटीच्या बरेच जवळ जातात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी भाषकांना याचा आणखी एक लाभ आहे. ‘काळजात धस्स होते’, ‘पोटात गोळा येतो’, ‘जीव थाऱ्यावर नाही’ हे दुसऱ्या भाषेत सांगू गेल्यास अर्धे वाटेतच सांडते. इंदूरच्या किंवा बडोद्याच्या मुलाला मराठी जाणणारा समुपदेशक गावात मिळेलच असे नाही. पण पुण्याचा समुपदेशक त्याला पडद्यावर भेटू शकतो. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेतही मराठीची सोय आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते.

तथापि प्रत्येक दुखण्याला हे औषध लागू नाही. मोठा आघात सोसलेल्या काहींना शांत बसविले असता व्याकुळता वाढते. चांगला समुपदेशक तेव्हा थांबतो. जिवाला अपाय होण्याचे भय असेल तेव्हा पडद्याची वाट न पाहता जवळच्या वडीलधाऱ्यांना सांगून रुग्णालय गाठले पाहिजे. शिवाय सजगतेच्या नावाने आज ज्याची त्याची दुकाने निघाली आहेत. बोलण्यापूर्वी शिक्षण व पदवी विचारून घेण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

खरी अडचण यंत्राची नसून घराची आहे. दोन खोल्यांत पाच माणसे. आजोबा दूरदर्शनसमोर, धाकटी बहीण मोबाइलसाठी हटून बसलेली, आई स्वयंपाकघरात आणि तिचे अर्धे लक्ष इकडे. अशा स्थितीत मुलगा ‘सगळे ठीक आहे’ याहून अधिक काय बोलणार? दार लावून बोलणे म्हणजे काहीतरी लपविणे, ही आपली समजूत पालकांनी सोडली पाहिजे. आठवड्यातून एक तास घराने आवाज कमी करावा आणि बाहेर आल्यावर ‘काय काय सांगितलेस?’ असे विचारू नये. आईबापांना न विचारणे कठीण जाईल, हे मी जाणतो.

ज्यांच्या घरी लावावयास दारच नाही, त्यांचे काय? येथे शाळांनी पुढे यावे. पट कमी झाल्यामुळे आपल्यापैकी काही मराठी शाळांतून एखादा वर्ग रिकामा असतो. त्यात एक टेबल, एक खुर्ची, चालता संगणक आणि आतून लागणारी कडी एवढे असले की पुरे. शिक्षकांनी हाकेच्या अंतरावर, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसावे, आणि त्या खोलीत कोण केव्हा गेले याची वही वर्गात फिरवू नये.