कंपनी बुडाली, शेगडी नव्हे!

मंडळी, आपल्याकडे मिक्सर बंद पडला की आधी नाक्यावरचा दुरुस्तीवाला आठवायचा, नवा मिक्सर नंतर. इथे न्यू इंग्लंडमध्ये आल्यावर हा क्रम उलटा झाला. फॅमिली रूममधला जुना पेलेट स्टोव्ह ऐन जानेवारीत रुसला, की विक्रेता एका वाक्यात निकाल लावतो, "हे मॉडेल बंद झालं, पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या." आणि ज्यांच्या घरात दोन-दोन इंजिनियर असतात असे आपण मुकाट्याने पैसे मोजतो! या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. 'कंपनीच्या नंबराचा पार्ट मिळत नाही' एवढंच बहुतेक वेळा खरं असतं. 'पार्टच मिळत नाही' हे नव्हे.

मुळात हे यंत्र आहे तरी काय? १९८०च्या दशकात बोईंगमधले एक इंजिनियर, जेरी व्हिटफिल्ड, यांनी घरगुती पेलेट स्टोव्हला आकार दिला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या साधारण पाव इंच जाडीच्या कांड्या, त्या पुढे ढकलणारा मळसूत्रासारखा ऑगर, तो फिरवणारी गिअर मोटर, धूर बाहेर ओढणारा एक पंखा, खोलीत ऊब सोडणारा दुसरा, आणि या सगळ्यावर नजर ठेवणारे दोन-तीन स्विच. यात कसलं गूढ आहे? त्या काळातल्या कित्येक कंपन्या विकल्या गेल्या किंवा बंद पडल्या हे खरं. पण गिअर मोटर बहुतेकदा स्टोव्हची कंपनी बनवतच नव्हती. ती मर्कल-कॉर्फ किंवा ग्लीसन-एव्हरी यांच्यासारख्या मोटरवाल्यांकडून यायची आणि वर फक्त स्टोव्ह कंपनीचा नंबर चिकटायचा. शेगडी आपल्या मालकीची. त्या नंबरामागची माहिती मात्र दुसऱ्याच्या मुठीत!

तेव्हा प्लग काढा, स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्या आणि मोटरवरची पट्टी वाचा. व्होल्टेज, मिनिटाला किती फेऱ्या, कोणत्या दिशेने, दांड्याची जाडी, बसवायची भोकं. हे सगळं जुळलं तर ती मोटर तुमचीच. न जुळवता मिनिटाला १ फेरीच्या जागी ४ फेऱ्यांची मोटर बसवलीत, तर तेवढ्याच वेळात चौपट पेलेट आगीत पडतील आणि दोष मात्र 'डुप्लिकेट' पार्टवर जाईल. दाराचा दोर तर हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो, फक्त जाडी जुनीच हवी. दारात डॉलरची नोट धरून दार लावा. नोट अलगद निघून आली तर दार हवा खातं आहे. मग ज्योत मंद होते, काच काळी पडते, आणि आपण म्हणतो स्टोव्ह म्हातारा झाला!

आता दुसऱ्या बाजूचे कान धरतो. आपल्यातलेच काही बहाद्दर 'जुगाड' या शब्दाने फुशारून जातात. व्हॅक्यूम स्विच दगा देतो म्हणून त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून मोकळे होतात. अहो, तो स्विच धुराची वाट तुंबली तर पेलेट थांबवण्यासाठी आहे. तो बाद केला की आग जळत राहते आणि धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतात. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, पोराबाळांच्या जिवाशी खेळ म्हणतात. स्नॅप डिस्कचंही तेच. तिच्यावरचं तापमान, आणि तापल्यावर ती सर्किट जोडते की तोडते, हे तंतोतंत जुळलंच पाहिजे. पत्रा वाकवून राखेचा ट्रे करा, खुशाल करा. सुरक्षेच्या पार्टमध्ये 'चालून जाईल' हा शब्द नको. त्यात शंका असली तर जाणकार तंत्रज्ञाला बोलवा. आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

"पण नवे स्टोव्ह जास्त स्वच्छ जळतात ना?" हा मुद्दा मला मान्य आहे. २०१५च्या केंद्रीय नियमांनी २०२०पासून नव्या पेलेट स्टोव्हच्या धुरातल्या कणांना तासाला २ ग्रॅमची मर्यादा घातली. भट्टीलाच तडा गेला असेल किंवा आतला पत्रा जळून भोक पडलं असेल, तर जुन्याला निरोप द्यावा. परंतु एका मोटरपायी तीनशे पौंडांचं लोखंड भंगारात घालणं ही कसली स्वच्छता?

खरा प्रश्न हक्काचा आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली मोटारींसाठी 'दुरुस्तीचा हक्क' प्रचंड बहुमताने मंजूर केला. पुढे न्यू यॉर्कने २०२२ मध्ये, मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया यांनी २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी कायदे केले. गाडीला जो न्याय तो शेगडीला का नको? मॉडेल बंद करणाऱ्या कंपनीने मोटरचे आकडे, स्विचचे दाब आणि सर्किटचे नकाशे खुले केलेच पाहिजेत. हे आपल्या राज्याच्या प्रतिनिधीला पत्र लिहून सांगायला आपल्याला कोणी अडवलं आहे?

आणि मंडळाकडे एक मागणी. दिवाळीच्या कार्यक्रमाआधी एक शनिवार दुरुस्तीसाठी ठेवा. सोल्डरिंग येणारे काका-काकू आपल्यात कमी नाहीत. कंट्रोल बोर्डावरचा जळका रिले बदलताना मुलांना शेजारी बसवा. वस्तू बिघडली की आधी उघडून बघायची, हा संस्कार त्यांना भाषणातून मिळणार नाही.